दमण प्रांतातील चौथाई व किनाऱ्याचे स्वामित्व

वाणगावच्या पश्चिमेस समुद्रकाठी वसलेले तारापूर पोर्तुगीज अमदानीत दमणच्या अधिकारक्षेत्रात मोडत असे. १५५९ साली दमण घेतल्यावर पोर्तुगीजांनी तेथील गावे आपल्या सरदारांना, सामान्यतः तीन हयातींच्या कराराने, वार्षिक फाळ्यावर दिली. तथापि या गावांबद्दल ते रामनगरच्या राजास चौथाई देत, ही गोष्ट लक्षणीय होय. हा उपद्रव टाळण्याचा मोबदला, की पूर्वापार हक्काची कबुली? १६७२ मध्ये रामनगर जिंकल्यावर शिवाजी महाराजांनी हीच चौथाई मागितली. म्हणजे त्यांच्या लेखी तो राज्याबरोबर संक्रमित होणारा हक्क होता.

१८९८ मध्ये जर्मनीने चीनचा क्याऊचौ किनारा ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला. करारात चीनचे सार्वभौमत्व शाबूत होते. अंमल मात्र जर्मन गव्हर्नरचा. १९१४ मध्ये तो प्रदेश जपानने जिंकला, मूळ धन्याकडे लगेच परतला नाही.

तारापुरी उलट घडले. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. त्यात बाजी भिवराव कामास आले. चौथाईचा दावा सांगणारी सत्ताच अखेर किनाऱ्याची धनी झाली. सारांश, कागदावरील स्वामित्व हक्काची आठवण जिवंत ठेवते. त्याचा निवाडा मात्र शस्त्रबळच करते.