कोल्हापुरीचा भाव कोण ठरवतं?

चप्पल लाईनीत एक वाक्य रोज ऐकू येतं. “अठराशे? तिकडं साडेतीनशेला मिळतंय की!” दुकानदार हसतो, दोनशे कमी करतो, गिऱ्हाईक खूश. ते दोनशे कुणाच्या खिशातून गेले हे कुणी विचारत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं आपल्यासारखीच चप्पल आणली आणि नाव मात्र घेतलं नाही, तेव्हा सगळं कोल्हापूर चिडलं. राग बरोबरच होता. पण नावाच्या भांडणात भावाचं भांडण मागं पडलं, आणि ते त्याहून फार जुनं आहे. पोस्ट जरा मोठी आहे, सवडीनं वाचा.

मुळात चपलेला भाव असा नव्हताच. गावगाड्यात चांभार हा बलुतेदार. शेतकऱ्याची पायताणं, मोट, चाबूक, बैलाचं सामान वर्षभर करायचं, दुरुस्त करायचं, आणि सुगी झाली की खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. एका जोडाला किती दिवस गेले, चामडं किती लागलं, हा हिशोब मांडायची सोयच नव्हती. वाटा किती मिळणार हे त्याच्या कामावर कमी आणि गावातल्या त्याच्या जागेवर जास्त ठरायचं. ती जागा कुठली होती हे वेगळं सांगायला नको. “मजुरी” हा शब्द या धंद्यात उशिरा आला तो असा.

कच्चा मालही तेव्हा पैशानं येत नव्हता. गावातलं मेलेलं जनावर ओढण्याचं काम महारांवर लादलेलं, कातडं कमावायचं ढोर समाजानं, शिवायचं चांभारानं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं मुरवायचं, त्याचीच पिशवी शिवून, त्यात सालीचं पाणी भरून ती टांगून ठेवायची. आठवडेच्या आठवडे जायचे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढणं, मृत मांस खाणं सोडा असं सांगितलं आणि गावोगाव लोकांनी ते सोडलं. ते व्हायलाच हवं होतं. फुकटच्या आणि अपमानाच्या कष्टावर उभी असलेली ती साखळी तुटली. त्यानंतर कातडं हळूहळू व्यापाऱ्याकडून, रोख पैसे मोजून घ्यायची वस्तू झाली. क्रोमचं कमावलेलं चामडं आलं, ते आठवड्यांऐवजी दिवसांत तयार व्हायचं. आता तर बरंचसं चामडं चेन्नईकडून येतं.

म्हणजे काय झालं बघा. चामड्याला भाव आला, सालीला आला, दोऱ्याला आला, गाडीभाड्याला आला. हाताला मात्र आला नाही. बलुत्याच्या काळात कष्ट मोजायची सवय नव्हती, बाजार आला तेव्हा ती सवय लावून घेण्यात कुणाचा फायदा नव्हता. व्यापारी चामडं उधार द्यायचा, जोड आपणच ठरवलेल्या दरानं उचलायचा. उचल घेतलेला कारागीर भाव सांगणार कसा?

घरातल्या बाईचे कष्ट तर कुठल्याच वहीत नाहीत. कापणं, तळ लावणं पुरुषाचं काम धरतात, पण वेणी घालणं, पट्ट्यावरची नाजूक शिलाई ही कितीतरी घरांत बायकाच करतात. कोल्हापुरीला खिळा लागत नाही, सगळं चामड्याच्या वादीनं शिवलेलं. वेणीमुळं जोड दोनशेनं महाग विकला जातो आणि ती वेणी “घरातच झाली” म्हणून हिशोबात शून्य धरली जाते.

आता कागद-पेन्सिल घ्या. रोजगार हमीच्या कामाला महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरली. समजा एका नक्षीच्या जोडाला नवरा-बायकोचे मिळून चार दिवस गेले. खड्डा खणायच्या दरानं धरले तरी १,२४८ रुपये झाले. चामडं अजून धरलेलंच नाही. कसब तर नाहीच नाही. त्यावर दुकानाचं भाडं आणि दुकानदाराचा नफा आला. तेव्हा अठराशेला “लुटतात” म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. साडेतीनशेचा जोड बहुतेक रेक्झिनचा आणि यंत्रावर कापलेला असतो, तो कोल्हापुरी नव्हेच.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. १९७४ साली चर्मोद्योग महामंडळ निघालं, आज ते संत रोहिदासांच्या नावानं चालतं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही आपल्याला एकट्याला नव्हे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना. (अथणीचं काम ज्यानं पाहिलंय तो यावर वाद घालणार नाही.) पण मानांकनानं नाव राखलं जातं, दर नाही.

दर कशानं हलले ते पुढं सांगतो. २०१५ च्या कायद्यानं राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्यात नव्हती, पण कातड्याची गाडी रस्त्यात अडवणाऱ्याला हा फरक कुठं कळतो? माल कमी आला, महाग झाला. मग २०१९ आणि २०२१ चे महापूर, मध्ये कोरोनाची टाळेबंदी.

आणि जीएसटी. यावर फारसं कुणी बोलत नाही म्हणून जरा थांबतो. २०१८ पासून हजारापर्यंतच्या जोडावर ५ टक्के, त्यावर १८. जानेवारी २०२२ पासून हजाराखालीही १२. चामडं महागलं म्हणून नोंदणी असलेल्या दुकानदारानं हजाराचा जोड १,०५० केला की काय व्हायचं? आधी करासकट १,१२०, आता १,२३९. गिऱ्हाइकाला ११९ रुपये जास्त पडले, त्यातले विकणाऱ्याच्या हाती ५०. मग दुकानदार काय करणार? भाव हजारावरच थोपवून धरणार आणि वाढलेला खर्च कारागिराच्या दरातून कापणार. छोटा कारागीर तर नोंदणीतच नसतो, त्यामुळं माल घेताना दिलेला कर त्याला परत मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही रेघ २,५०० वर गेली आणि तिच्या खाली ५ टक्के झाले. चांगलं झालं. पण रेघ आहेच. २,५०० चा जोड २,६२५ ला, २,६०० चा थेट ३,०६८ ला. चांगल्या हाताचं काम आज ना उद्या तिथं जाऊन थटणार.

प्राडाचं पुढं काय झालं? डिसेंबर २०२५ मध्ये आपलं महामंडळ आणि कर्नाटकचं महामंडळ यांच्याशी करार झाला. महाराष्ट्र-कर्नाटकात दोन हजार जोड बनवायचे, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर. इथं बसलेल्या कारागिराच्या जोडाला पहिल्यांदाच असा आकडा लागतोय.

म्हणून आपल्या आमदार-खासदारांना टॅग करून एवढंच विचारायचंय, आणि तुम्हीही विचारा: त्या दोन हजार जोडांत शिवणाऱ्याला जोडामागं किती रुपये, वेणी घालणारीचं नाव मजुरीच्या वहीत वेगळं लिहिलंय का, आणि पैसे किती दिवसांत मिळतात? हे तीन आकडे महामंडळानं जाहीर करावेत.