टेम्पो, डिझेल आणि बाजारकरी मुसलमान

हिंगोली जिल्ह्यात मालाची छोटी गाडी कोणत्याही कंपनीची असो, लोक तिला टेम्पोच म्हणतात. हा शब्द मराठी नाही आणि दखनीही नाही. ते हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीचं नाव. 1958 साली नवलमल फिरोदिया यांनी तिच्याशी करार करून ‘बजाज टेम्पो’ उभी केली. ‘हॅन्सीट’ नावाची तीनचाकी मालगाडी भारतात बनू लागली. तिचं इंजिन टू-स्ट्रोक पेट्रोलचं होतं. 1969 मध्ये मॅटाडोर आली आणि छोट्या मालवाहतुकीत डिझेलने पाय रोवले.

इंजिन कोणतं निवडायचं हे अभियंता ठरवतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यात सरकारी कराचा वाटा मोठा असतो. जपानमध्ये छोट्या गाड्यांना करात सवलत आहे, पण इंजिन 660 सीसीच्या आत हवं. म्हणून तिथला शेतकरी पेट्रोलचा चिमुकला ट्रक चालवतो. युरोपातल्या बहुतेक देशांनी डिझेलवर कमी कर ठेवला, तिथल्या व्हॅन डिझेलवर गेल्या. भारतातही डिझेल अनेक दशकं पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. शिवाय डिझेल इंजिन कमी वेगातही ओझं ओढतं आणि लिटरमागे जास्त पळतं.

या हिशेबाशी मराठवाड्यातल्या मुसलमानांचा संबंध जवळचा आहे. बागवानाची फळं-भाजी, मनियाराच्या बांगड्या, अत्ताराचा किरकोळ माल, तांबोळ्याची पानं. यांचा धंदा एका गावात बसून होत नाही. आज वसमत, उद्या कळमनुरी, परवा सेनगाव, असा बाजार करावा लागतो. माल आधी बैलगाडीवर, मग सायकलवर, एसटीच्या टपावर गेला. गाडी भाड्याची असली की नफ्यातला मोठा वाटा तिच्या मालकाकडे जायचा.

मे 2005 मध्ये टाटाची ‘एस’ आली. लोकांनी तिला छोटा हाथी म्हटलं. तिचं इंजिन 702 सीसीचं, दोन सिलिंडरचं डिझेल. इंडिकाचं चार सिलिंडरचं इंजिन निम्मं करून ते बनवलं होतं. ताकद अवघी 16 अश्वशक्ती, पण पाऊण टन माल नेणारी. काल भाडं देणारा माणूस मालक होऊ शकेल, अशी ही गाडी होती.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात याच समाजाचं चित्र आहे. मुसलमान कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण मोठं, व्यापार आणि वाहन दुरुस्तीत त्यांचा वाटा लक्षणीय, बँकेच्या कर्जात मात्र तुटपुंजा. म्हणजे गाडी घ्यायची तर बहुतेकांना खासगी फायनान्सचं दार ठोठवावं लागणार. व्याज हराम मानणाऱ्या घरांची यात वेगळीच कोंडी झाली. हप्ता फेडायचा तो लिटरमागे वाचलेल्या पैशांतून. त्यामुळे डिझेलचा दर हा घराच्या चुलीचा प्रश्न होता.

ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. पेट्रोल आणि डिझेलमधलं अंतर घटत गेलं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष आले. धूर कमी करणं आवश्यकच होतं, दमा गरिबाच्या पोरालाही होतो. पण छोट्या डिझेल इंजिनाला गाळणी आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवणं महाग पडतं. मारुतीने डिझेल बंदच केलं. टाटाने ‘एस’मध्ये 694 सीसीचं पेट्रोल इंजिन आणलं. सीएनजीही पुढे आला, पण त्याचा फायदा ज्याच्या वाटेवर पंप आहे त्यालाच.

दुसरा फटका मिस्त्रीला बसला. जुन्या इंजिनाचा आवाज ऐकून तो दोष ओळखायचा. उस्तादाच्या हाताखाली पोरगं पाना धरायला शिकायचं, तीच त्याची शाळा. आता दोष कानाला कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. आता बॅटरीच्या गाड्या येत आहेत, त्यांत तर इंजिनच नाही.

आपल्या इज्तेमात, जलशात आणि आरक्षणाच्या सभांत या बदलाची चर्चा होत नाही. गॅरेजमधल्या पोराला आयटीआयचा दाखला आणि स्कॅनर वापरण्याचं शिक्षण मिळालं पाहिजे. बागवानाला बँकेने, नाहीतर समाजाच्या बिनव्याजी पतसंस्थेने गाडीसाठी उभं केलं पाहिजे. ते झालं नाही, तर एका पिढीने कमावलेली मालकी सुटून पुढची पिढी पुन्हा भाड्याच्या टेम्पोत बसेल.