गुर्जिस्तानांतील कंटकशोधन

फारसी तवारिखांतून ज्याचा 'गुर्जिस्तान' म्हणून उल्लेख येतो, तो कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेकडील देश आज जॉर्जिया या नांवानें परिचित आहे. इ. स. १९९१ मध्यें सोव्हिएट संघांतून तो स्वतंत्र झाला. तेथील पोलिसखात्याची २००४ पासून जी उलथापालथ झाली, तिची जगभर फार वाखाणणी झालेली आहे. ती कितपत रास्त आहे, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्वातंत्र्य मिळालें त्याच वर्षाच्या हिवाळ्यांत राजधानी त्बिलिसीमध्यें आपसांत लढाई जुंपली आणि 'म्खेद्रिओनी' नांवाच्या सशस्त्र टोळीचा देशांत अंमल बसला. १९९२ मध्यें परत आलेल्या शेवर्दनाद्झे यांनीं १९९५ मध्यें ही टोळी मोडली खरी. परंतु टोळीच्या जागीं गृहखातें प्रबळ झालें, आणि प्रजेस दोहोंतला फरक फारसा जाणवला नाहीं.

त्या खात्याचा व्यवहार नीट समजून घेण्याजोगा आहे. शिपायाचा पगार इतका तुटपुंजा कीं त्यावर कुटुंब जगणें अशक्य. नोकरी मिळावयाची तीच मुळीं पैसे मोजून. मोजलेला पैसा रस्त्यावर उभें राहून वसूल करावयाचा व त्यांतला ठराविक हप्ता वरच्यास पोंचवावयाचा. वरचा आपल्या वरच्यास पोंचवी. गाडी थांबवावी, कांहींतरी दोष काढावा, आणि पावतीवांचून रक्कम घ्यावी, हा नित्यक्रम होता. अशा ठिकाणीं अमुक शिपाई लांचखाऊ आहे असें म्हणण्यांत अर्थ नसतो. लांच हीच त्या खात्याची घडण होती. आणि म्हणून एकेका अपराध्यास शासन करून ती सुधारती ना, हें नव्या राज्यकर्त्यांनीं अचूक ओळखलें, एवढें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

नोव्हेंबर २००३ मध्यें निवडणुकींतील लबाडीविरुद्ध लोक उठले, शेवर्दनाद्झे पायउतार झाले, आणि जानेवारी २००४ मध्यें साकाश्विली निवडून आले. त्याच उन्हाळ्यांत वाहतूक-पोलिसांचें खातेंच विसर्जित करण्यांत आलें. सुमारें १५-१६ हजार माणसें घरीं गेलीं. त्यांच्या जागीं नवें गस्ती दल उभें राहिलें. वेतन अनेक पटींनीं वाढलें. पोलिसठाण्यांस कांचेच्या भिंती आल्या. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या यादींत २००३ सालीं १२४ वा असलेला हा देश २०१२ मध्यें ५१ वा झाला. रस्त्यावरची लांच जवळजवळ नाहींशी झाली, हें विरोधकहि नाकारीत नाहींत.

येथवर वाखाणणी रास्त आहे. परंतु कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या 'कंटकशोधन' या चौथ्या अधिकरणांत 'सर्वाधिकरणरक्षण' हें प्रकरणहि घातलें आहे. प्रजेस टोंचणारे कांटे अधिकाऱ्यांतहि असतात हें गृहीत धरून त्यानें त्यांच्या तपासणीची तजवीज केली. त्याच्या व्यवस्थेंत तपासणारा अखेर राजा. लोकसत्तेंत ती जागा न्यायालयानें व कायदेमंडळानें भरावयाची. जॉर्जियांत ती भरली गेली नाहीं. उलट २००४ च्या अखेरीस राज्यसुरक्षेचें खातेंहि गृहखात्यांत विलीन झालें व दोहोंची सूत्रें मेराबिश्विली या एकाच मंत्र्याच्या हातीं आलीं. म्हणजे हात स्वच्छ झाला, पण पूर्वीपेक्षां लांबहि झाला.

परिणाम दिसावयास वेळ लागला नाहीं. जानेवारी २००६ मध्यें बँकेंतील एका तरुणाचा खून झाला. खुनी गृहखात्याचेच अधिकारी निघाले, त्यांस शिक्षा झाली, आणि २००९ मध्यें ते मुदतीपूर्वींच सुटले. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयानें २०११ मध्यें या तपासावर कडक ताशेरे झाडले. त्यापूर्वीं, ७ नोव्हेंबर २००७ रोजीं राजधानींतील निदर्शकांस याच नव्या पोलिसांनीं झोडपून काढलें होतें. तुरुंगांतील कैद्यांची संख्या कांहीं वर्षांत तिपटीहून अधिक झाली. अखेर सप्टेंबर २०१२ मध्यें ग्ल्दानी येथील तुरुंगांतल्या छळाचीं चित्रें दूरदर्शनावर झळकलीं. पुढच्याच महिन्यांत साकाश्विलींचा पक्ष निवडणूक हरला. ज्या मतदारास आतां रस्त्यावर लांच द्यावी लागत नव्हती, त्यानेंच हें केलें; तो कृतघ्न होता असें आम्हांस वाटत नाहीं.

नंतरच्या सरकारानें २०१५ मध्यें सुरक्षेचें खातें गृहखात्यापासून पुन्हां वेगळें केलें. पोलिसांच्या अत्याचारांची चौकशी करण्याचें काम २०१९ मध्यें राज्य-निरीक्षकाकडे सोंपविण्यांत आलें. हें सर्वाधिकरणरक्षणाच्या दिशेनें टाकलेलें पाऊल होतें. परंतु डिसेंबर २०२१ मध्यें कायदेमंडळानें घाईघाईनें तें पद रद्द करून त्याचे दोन तुकडे केले. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत त्बिलिसीच्या रस्त्यांवर निदर्शकांस मारहाण झाली, तेव्हां मारणाऱ्यांपैकीं पुष्कळांचीं तोंडें झांकलेलीं होतीं.