दोन सत्तांच्या फटीत

विश्रामबागेच्या एका अंगास सांगली, दुसऱ्या अंगास मिरज. आज एकाच महानगरपालिकेत नांदणारी ही गावे १९४८ पर्यंत दोन निराळ्या पटवर्धनी संस्थानांच्या राजधान्या होती. कृष्णाकाठचा सारा मुलूख असाच ठिगळांचा. इंग्रजांच्या सातारा जिल्ह्याने वेढलेले कुंडल तर औंध संस्थानचे!

अशा ठिगळांतून काय उपजते? दूरच्या हाँगकाँगची गोष्ट पाहा. १८९८ च्या करारात कौलूनच्या तटबंदीतील वस्तीचा कारभार चीनकडे राहिला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी तेथील चिनी अधिकारी हुसकले. हक्क दोघांनी सांगितला, जबाबदारी कोणीच घेतली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासितांनी ती अडीच हेक्टर जागा गच्च भरली आणि अफू, जुगार व टोळ्या माजल्या. १९९३-९४ मध्ये ती वस्ती पाडण्यात आली.

कुंडलातही इंग्रजी पोलिसांचे हात आखडत. त्या आडोशाने १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार वाढले. पण येथे दरोडेखोरांना शासन झाले, गावकऱ्यांची न्यायदान मंडळे बसली. तो न्यायही मऊ नव्हता. तळपायांवर काठ्या बसत.

फट सारखीच, पीक निराळे. कौलूनात जमले ते देशोधडीस लागलेले परके जीव. कुंडलात एका पाणवठ्यावरचे शेजारी होते. सरकार हटले म्हणून नियम हटत नाहीत. ते कोण करणार, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शेजाऱ्यांनी दिले नाही, तर गुंड देतात.