एप्वर्थ येथील जुनी रेक्टरी

इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातील ऐतिहासिक वास्तू व वस्तुसंग्रहालय. एप्वर्थ (लोकसंख्या सु. 4,000, 2011) हे गाव स्कंथॉर्पच्या नैर्ऋत्येस सु. 13 किमी.वर, ॲक्सहोमच्या एके काळच्या पाणथळ प्रदेशातील उंचवट्यावर आहे.

पॅरिशच्या धर्मगुरूसाठी बांधलेले मूळ घर लाकडी सांगाड्याचे, गिलाव्याच्या भिंतींचे व गवताने शाकारलेले होते. सॅम्युएल वेस्ली येथे रेक्टर असताना 1702 मध्ये त्याचा काही भाग जळाला, तर 9 फेब्रुवारी 1709 च्या रात्री सगळेच घर भस्मसात झाले. पाच वर्षांचा जॉन, म्हणजे पुढे मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक झालेला जॉन वेस्ली, वरच्या मजल्यावर अडकला होता. शिडी आणायलाही वेळ नव्हता. एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने मुलाला खिडकीतून बाहेर ओढले; पाठोपाठ छप्पर आत कोसळले. रेक्टरवर नाराज असलेल्या गावकऱ्यांवर संशय होता.

सध्याची वास्तू या आगीनंतर उभारलेली, राणी ॲनच्या काळातील शैलीची आहे : लाल विटांच्या भिंती, दोन मजले व वर प्रशस्त माळा. गवत जाऊन वीट आली, त्यात हौसेपेक्षा धास्तीच अधिक असावी. घर उभे राहिले, पण हात रिकामे झाले. सॅम्युएलची पत्नी सुझाना हिचा भाऊ ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या वखारीचा एके काळचा प्रमुख. त्याला 1722 मध्ये लिहिलेल्या पत्रात, तेरा वर्षांनंतरही घरात निम्मेसुद्धा सामान नाही, अशी तिची तक्रार आहे.

खोल्यांपैकी स्वयंपाकघर विशेष महत्त्वाचे. 1711–12 च्या हिवाळ्यात पती लंडनला असताना सुझानाने रविवारी संध्याकाळी घरच्यांसाठी प्रार्थना सुरू केली. पाहता पाहता दोनशेच्या आसपास माणसे जमू लागली. माळ्याची प्रसिद्धी निराळीच आहे. डिसेंबर 1716 ते जानेवारी 1717 या काळात घरात ठोके व कण्हणे ऐकू येत असे. मुलींनी त्या भुताचे नाव ‘ओल्ड जेफ्री’ ठेवले. कुटुंबाच्या पत्रांतून या प्रकाराचे तपशील मिळतात. ही पत्रे जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने 1791 मध्ये छापली.

जागतिक मेथडिस्ट परिषदेने 1954 मध्ये ही वास्तू विकत घेतली व डागडुजीनंतर 1957 मध्ये लोकांना खुली केली. ती पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे.

परिसरात मुख्यतः शेती. मध्ययुगीन पट्टापद्धतीची खुली शेते अंशतः टिकून आहेत.