नहरीच्या गावी एक दिवस

दिवाळी अंकात एखादे प्रवासवर्णन असल्याशिवाय चकलीला खुसखुशीतपणा येत नाही, असे आमच्या घरचे मत आहे. परंतु प्रवासवर्णन लिहावयाचे तर आधी प्रवास घडावा लागतो, आणि फुलंब्रीच्या शाळामास्तराची धाव सहसा एस. टी.च्या थांब्यापलीकडे जात नाही. यंदा मात्र जपान आपल्या पायांनी माझ्या ओसरीवर आले. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीला आहे. एका सुटीच्या दिवशी तो क्योतोहून आगगाडीने ओमिहाचिमान नावाच्या गावी सहलीला गेला आणि तिथली वीस-पंचवीस छायाचित्रे त्याने मला धाडली.

मोठे देखणे गाव! मधून दगडी काठांचा कालवा, काठावर झुकलेली झाडे, पांढऱ्या भिंतींची जुनी कोठारे आणि पाण्यावर संथ सरकणारी नाव. विद्यार्थ्याने हौसेने इतिहासही कळविला होता. १५८५ मध्ये तोयोतोमी हिदेत्सुगु नावाच्या तरुण सरदाराने डोंगरावर किल्ला बांधला, पायथ्याशी गाव वसविले आणि गावातून कालवा काढून तो बिवा सरोवराला जोडला. सरोवरातून जाणाऱ्या नावांनी गावावरूनच गेले पाहिजे, असा त्याचा हुकूम होता. गाव व्यापाराने भरभराटले. दहा वर्षांत तो सरदार मारला गेला, किल्लाही मोडला. पण कालव्याने गावाला तीनशे वर्षे पोसले. पुढे आगगाडी आणि मालमोटारी आल्या, कालव्याला कोणी विचारीना. गाळ साचला, घाण सुटली. १९७० च्या सुमारास तो बुजवून टाकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा गावातलीच काही माणसे पुढे आली, स्वतः गाळात उतरली आणि त्यांनी कालवा वाचविला.

हे सारे वाचून मी खूश झालो. परंतु पत्राच्या शेवटी एक ओळ होती : “गुरुजी, आपल्याकडे असं एकही गाव नाही.”

ही ओळ मला झोंबली. राग त्याचा नव्हे, स्वतःचा आला. या मुलाला चौथीला मीच शिकविले होते. आपल्या गावापासून तीसेक किलोमीटरवर एक अख्खे शहर जमिनीखालच्या कालव्यांवर चारशे वर्षांपूर्वी उभे राहिले, हे त्याला सांगावयाचे राहिले होते. ते पाप माझेच.

तेव्हा भाद्रपदातल्या एका रविवारी मी माझ्या आईला आणि सहावीत शिकणाऱ्या मुलीला घेऊन सकाळची एस. टी. पकडली. मुलीला हे शहर दाखवावे आणि आईकडून ते ऐकावे, असा दुहेरी हेतू होता. कारण आईचे माहेर बेगमपुऱ्याचे.

फुलंब्रीहून शहराकडे जाताना चौक्याचा घाट लागतो. घाट लहानच, पण त्याची एक गंमत आहे. अलीकडे पडलेला पाऊस गिरिजा नदीला मिळतो. गिरिजा पूर्णेला, आणि पूर्णा दूर परभणीकडे जाऊन गोदावरीला. पलीकडे पडलेला पाऊस खाम नदीला मिळतो आणि पैठणच्या वरच गोदावरीत जातो. एकाच ढगाची दोन लेकरे, एक जवळच्या वाटेने आईकडे जाते, दुसरे सारा मराठवाडा हिंडून. या पलीकडच्या पाण्यावरच एका परदेशी माणसाची नजर पडली.

त्याचे नाव मलिक अंबर. सोळाव्या शतकाच्या मध्यास तो आफ्रिकेतल्या हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकत विकत बगदादला पोहोचला आणि तिथून दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीतला वजीर चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही एके काळी गुलामच होता, असे सांगतात. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला. शिपाई झाला, सरदार झाला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा बुडत्या निजामशाहीला ज्याने खांदा दिला तो हाच. घाटांत आणि रानांत हलक्या घोडदळाने मोगलांना हैराण करण्याची त्याची रीत मराठा सरदारांच्या बळावर चालली. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे याच निजामशाहीचे सरदार, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याची ‘मलिकंबरी’ पद्धत तर पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्राच्या तोंडी राहिली. जहांगीर बादशहा रणात त्याला हरवून निकालात काढू शकला नाही, म्हणून त्याने चित्रात तरी त्याच्या मुंडक्यावर बाण मारून घेतला. अबुल हसन या चित्रकाराने काढलेले ते चित्र आजही उपलब्ध आहे.

१६१० मध्ये अंबराने खडकी या खेड्याजागी राजधानी वसविण्यास घेतली. नावाप्रमाणेच जागा खडकाळ. लष्करासाठी उत्तम, पण हजारो माणसे प्यायची काय? खामचा ओहोळ उन्हाळ्यात आटणारा. विहिरी खणाव्या तर कातळ. परंतु उत्तरेला डोंगरांची रांग होती आणि डोंगराच्या पायथ्याशी मुरलेले पाणी होते. अंबराने ते पाणी जमिनीखालूनच गावात आणण्याचा घाट घातला. दरबारी पंडितांनी म्हणे त्याची टिंगल केली. हे काम व्हावयाचे नाही असे भाकीत केले. सांगतात, की अवघ्या पंधरा महिन्यांत अडीच लाख रुपयांत नहर वाहू लागली. तीच नहर-ए-अंबरी.

घाट उतरून सावंगी मागे टाकली, तेव्हा मुलीने विचारले, “बाबा, पंप नव्हता तर पाणी चढलं कसं?”

प्रश्न योग्य होता. उत्तर असे, की पाणी चढलेच नाही, ते फक्त उतरत गेले. हर्सूलच्या बाजूची जमीन शहरापेक्षा उंच. तिथे भूमिगत बोगदा खणला. त्याच्या भिंतींतून भोवतीचे मुरलेले पाणी थेंबाथेंबाने आत झिरपत राहते. बोगद्याला अगदी हलका उतार दिला. फार दिला तर पाणी भिंती खाते, कमी दिला तर गाळ बसतो. मधून मधून वर तोंडे ठेवली, उतरून साफसफाई करता यावी म्हणून. अशी १४० तोंडे होती, असे सांगतात. पुढे गावात पाणी खापरी नळांतून फिरविले, आणि जागोजाग दगडी मनोरे बांधले. त्यांना इकडे बंबे म्हणतात. नळातले पाणी बंब्यात वर येते, कोंडलेली हवा सोडते, गाळ खाली टाकते आणि पुन्हा नळात उतरते. आपण जिना चढल्यावर क्षणभर थांबून श्वास घेतो, तसेच. जिथून निघाले त्या उंचीपर्यंत पाणी आपण होऊन वर येते, एवढ्या एका नियमावर सारी करामत. पुस्तकात तो नियम मी दरवर्षी शिकवितो. शहर मात्र त्यावर पाणी प्याले.

याच काळाची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अंबराचा मोगलांकडचा मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान. दोहे रचणारा रहीम तो हाच. त्याचे ठाणे बुऱ्हाणपूरला. तिथेही १६१५ च्या सुमारास डोंगरातले मुरलेले पाणी भूमिगत बोगद्याने शहरात आणले गेले. ‘कुंडी भंडारा’ म्हणून ते आजही दाखवितात. दोन वैरी एकमेकांवर घोडी घालीत होते, आणि दोघांच्याही राज्यात माणसे जमिनीखाली पाण्याची वाट खोदीत होती. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबराचा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकी जाळली. त्या फौजेचा सेनापती शाहनवाजखान हा रहीमचाच मुलगा. एका शहराला पाणी देणाऱ्याच्या मुलाने दुसरे शहर जाळावे, याला काय म्हणावे? अंबराने मात्र खडकी पुन्हा उभी केली.

१६२६ मध्ये अंबर वारला. खुलताबादेला त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याने शहराला फत्तेनगर म्हटले. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने त्याला औरंगाबाद केले आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलत गेली, तरी प्रत्येक धन्याला तहान तीच होती. म्हणून अंबराच्या नहरीला कोणी हात लावला नाही; उलट थत्ते नहर, पाणचक्कीची नहर, पळशीची नहर अशा नव्या नहरी भोवती जोडल्या गेल्या.

दिल्ली दरवाजाजवळ उतरून आम्ही प्रथम पाणचक्कीला गेलो. बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याचा हा परिसर, सतराव्या शतकाच्या अखेरचा. पाऊस चांगला झाला होता, म्हणून भिंतीवरून पाणी धो धो हौदात पडत होते. हे पाणी कित्येक किलोमीटर जमिनीखालून येते, बंब्यातून वर चढते, आणि पडता पडता चक्कीचे पाते फिरविते. त्यावर जात्याची तळी फिरते. बैल नाही, माणूस नाही. या पिठाच्या भाकरी यात्रेकरूंना, फकिरांना आणि इथे शिकणाऱ्या मुलांना मिळत. समोरचा हौद सुमारे १६४ फूट लांब. आणि गंमत ही, की त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. वर मासे, खाली माणसे! उन्हाळ्यात तिथे काय गारवा असेल, याची कल्पना मराठवाड्याच्या माणसालाच यावी.

माझी मुलगी चक्कीसमोरून हलेना. आई मात्र घाई करू लागली. “चक्की काय बघायची? ती पाहुण्यांना दाखवायची. आपण बेगमपुऱ्यात जाऊ.”

बेगमपुऱ्यात थत्ते हौद आहे. पाहुणे मकबरा बघून परत जातात. तिथे कोणी वळत नाही. आई पाऊणशेच्या घरात आली आहे, पण त्या गल्लीत शिरताच तिची चाल बदलली. ती पुढे, आम्ही मागे. हौदाशी पोहोचल्यावर ती पदर सावरून काठावर बसली.

“इथं मी पाणी भरायची,” ती नातीला म्हणाली. “तुझ्याएवढी होते. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर. उन्हाळ्यात पाणी गार आणि थंडीत कोमट. आमची आजी म्हणायची, अंबरबाबाचं पाणी आहे, सांडू नका.”

“अंबरबाबा?” मी विचारले. इतकी वर्षे मी शाळेत मलिक अंबर शिकवितो आणि हे नाव मला घरात ठाऊक नव्हते!

“मग काय? बाबाच तो. आणि त्या बंब्याला कान लावला ना, की पाणी बोलायचं. आम्ही पोरी पैजा लावायचो, कोणाला पहिल्यांदा ऐकू येतं म्हणून.”

मुलगी लगेच धावली. जवळच एक जुना बंबा झाडाच्या मुळांनी वेढलेला उभा होता. तिने कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ गेला. एक फटफटी गेली, कोणाच्या घरचा रेडिओ वाजत होता. ती परत आली आणि आजीच्या शेजारी बसली.

“नाही आलं ऐकू, आजी.”

आई काही बोलली नाही. तिने नुसता तिच्या पाठीवरून हात फिरविला.

वाचकहो, इथे मला दोष कोणाला द्यावयाचा नाही. शहर वाढले की पाया खणावे लागतात. पाया खणताना एखादा खापरी नळ फुटतो. फोडणाऱ्याला तो काय आहे हे ठाऊक नसते, कारण ते त्याला कोणी शिकविलेले नसते. पुढे पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी लोखंडी नळांनी शहरात आले. मग नहरीची आठवण कोणाला राहणार? तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. गेली कित्येक वर्षे याच शहरात नळाला चार-सहा, कधी आठ दिवसांआड पाणी आल्याचे आपण पाहिले आहे. दूरवरून विजेच्या बळाने पाणी चढवून आणायचे आणि त्याची आठवडाभर वाट बघायची. आणि पायाखालून फुकट उतरत येणारे पाणी दगडामातीने कोंडायचे! आजच्या लाखोंच्या वस्तीला नहरी पुरणार नाहीत, हे मलाही कळते. पण बागेला, धुण्याला, गुराढोरांना काही हे पाणी कमी नव्हते. शिवाय डोंगरावर झाडे नसली तर मुरत काय जाणार, आणि मुरले नाही तर झिरपणार काय? नहर जिवंत ठेवायची म्हणजे डोंगर जिवंत ठेवावा लागतो. ही नहरीची अट होती, आणि ती आपल्या गावच्या विहिरीचीही आहे. फुलंब्रीत टँकरमागे घागरी घेऊन धावलेल्या माणसाला ती निराळी समजावून सांगायला नको.

जपानच्या त्या गावच्या माणसांनी मोठा पराक्रम केला, तो फावड्याने केला. आधी गावातल्या कोणाला तरी वाटले, की हे आपले आहे. एवढ्यावरून बाकी सारे घडले.

संध्याकाळच्या एस. टी.त आईला डुलकी लागली. चौक्याच्या घाटात गाडी चढू लागली, तेव्हा मुलीने माझा फोन मागितला आणि जपानच्या दादाला उत्तर लिहावयास घेतले. मी वाकून पाहिले. तिने लिहिले होते : “दादा, आपल्याकडे पण तसं गाव आहे. पण ते जमिनीखाली आहे, म्हणून फोटो नीट आला नाही. तुम्ही आलात की मी दाखवीन. माझ्या आजीला रस्ता माहीत आहे.”

मी त्यात एका अक्षराचीही दुरुस्ती केली नाही.