दात दुसऱ्याचे, ओठ आपले

बँकेत बावीस वर्षं नोटा मोजल्यावर माणूस नोटेवरचा चेहरा बघेनासा होतो. तो आकडा बघतो, वॉटरमार्क बघतो, फाटलेली कड बघतो. त्यामुळे अमेरिकेहून आलेल्या भाच्याने परवा मला आठवण म्हणून एक डॉलरची नोट दिली, तेव्हा मी सवयीने ती आधी उजेडात धरली. मग कधी नव्हे ते चेहऱ्याकडे लक्ष गेलं. बघतो तर जॉर्ज वॉशिंग्टन थेट आमच्या अण्णांसारखा दिसत होता!

म्हणजे नाक-डोळे नव्हेत. अण्णांना तसा केसांचा टोप घातला तर ते नाटकातल्या हवालदारासारखे दिसतील. सारखेपणा ओठांत होता. घट्ट मिटलेले, जरा पुढे आलेले, तोंडात लाडू कोंबून वर गिळायला बंदी केल्यासारखे. अण्णांचे ओठ मात्र जन्मापासून तसे नव्हते. त्याच आठवड्यात त्यांना नवी कवळी बसवली होती.

आमचे अण्णा म्हणजे चौतीस वर्षं मराठी शिकवलेले निवृत्त शिक्षक. संध्याकाळी आळीतली सात-आठ पोरं त्यांच्याकडे पाढे नि श्लोक म्हणायला येत. ‘स’, ‘श’ आणि ‘ष’ यांतला फरक महाराष्ट्रात एवढ्या एकाच ओट्यावर शिल्लक आहे, असं माझी सौ. म्हणते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी अण्णांचा शेवटचा दात गेला, कवळी आली, आणि तिसऱ्या दिवशी ‘शांताकारं’ म्हणताना ती खाली घसरली. एक पोरगं फिस्सकन हसलं. अण्णांनी कवळी काढून स्टीलच्या डबीत पाण्यात ठेवली आणि पोरांना सांगितलं, “उद्यापासून येऊ नका.”

“अण्णा, कवळी लावा ना. सवयीने होईल,” मी म्हटलं.

“ती घोड्याला लाव,” अण्णा म्हणाले. त्यातला ‘घ’ तेवढा स्पष्ट होता, कारण त्याला दात लागत नाहीत.

मला काही सुचेना झालं की मी वाचनालयात जातो. आमच्या बँकेत कोणतंही प्रकरण अडलं की आधी जुनी फाईल काढतात, हा त्याचाच परिणाम. म्हणून मी कवळीची फाईल काढली.

वॉशिंग्टनचा पहिला दात १७५६ साली गेला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. दात काढणावळ पाच शिलिंग, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. माणूस हिशेबाचा पक्का. पुढे दरसाल दात गळतीच्या खात्यावर जात राहिले आणि ३० एप्रिल १७८९ रोजी तो अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला, तेव्हा तोंडात स्वतःचा असा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने त्याच्यासाठी पाणघोड्याच्या हस्तिदंताची कवळी कोरली आणि त्या एकुलत्या दातासाठी तिला एक भोक ठेवलं. १७९६ साली तोही दात गेला. ग्रीनवुडने तो मागून घेतला आणि डबीत घालून घड्याळाच्या साखळीला लटकवला. आमच्या डॉक्टरांनी अण्णांचा एकही दात असा ठेवून घेतला नाही. बिल मात्र ठेवलं.

त्याची कवळी लाकडी होती असं सगळीकडे सांगतात, ते खोटं. माऊंट व्हर्नन इथे त्याच्या घरात जपून ठेवलेल्या कवळीचा पाया शिशाचा आहे, त्यात माणसाचे दात आहेत आणि जनावरांचेही. तज्ज्ञ म्हणतात, बहुधा गाईचे नि घोड्याचे. अण्णा घोड्याला कवळी लावायला निघाले होते. इथे घोड्याचेच दात राष्ट्राध्यक्षाला!

माणसाचे दात कोठून येत, याची एक नोंद १७८४ सालच्या मे महिन्यातल्या हिशेबात सापडते. नऊ दातांबद्दल ‘निग्रोंना’ सहा पौंड दोन शिलिंग अदा, खर्च दंतवैद्याच्या नावे. हे ‘निग्रो’ म्हणजे त्याच्या मळ्यावरचे गुलाम. मी ही नोंद तीन-चारदा वाचली. आयुष्य व्हाउचर तपासण्यात गेलंय, त्यामुळे नजर आपोआप सहीच्या जागी जाते. रक्कम आहे, तारीख आहे, दंतवैद्याचं नाव आहे; दात ज्यांचे, त्यांचं नाव नाही. त्याच दंतवैद्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, पुढच्या दातामागे दोन गिनी देऊ, गुलाम सोडून. दोन गिनी म्हणजे बेचाळीस शिलिंग. गुलामांना नऊ दातांचे मिळाले एकशे बावीस, म्हणजे दाताला साडेतेरा. एक तृतीयांशसुद्धा नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं आपल्याकडे म्हणतात. इथे ओठ मालकाचे होते.

युरोपात तरी काय वेगळं? १८१५ साली वॉटर्लूची लढाई झाली आणि मेलेल्या शिपायांचे दात उपटून कवळ्यांत बसवले गेले. पुढे कित्येक वर्षं मढ्यांच्या असल्या दातांना ‘वॉटर्लूचे दात’च म्हणत. तरुणांचे, न किडलेले, म्हणून मालाला उठाव होता.

एवढं करून त्या कवळ्या बसत कशा? बसत नसत! वॉशिंग्टनच्या वरच्या आणि खालच्या पट्टीमध्ये स्प्रिंगा होत्या. त्या दोन्ही पट्ट्यांना एकमेकींपासून दूर ढकलत, म्हणजे वरची टाळ्याला आणि खालची हिरडीला दाबली जाई. तोंड आपोआप उघडायचं. ते मिटून ठेवायला माणसाने चोवीस तास दातओठ खायचे. १७९८ साली त्याने ग्रीनवुडला पत्र लिहून तक्रार केली की कवळी नाकाखालचा ओठ पुढे ढकलते. ग्रीनवुडने कवळी काळी पडल्याचा दोष साहेबांच्या पोर्ट वाइनला दिला. हेही ओळखीचं वाटलं. आमच्या डॉक्टरांनी सगळा दोष अण्णांच्या चहाला दिला होता.

वॉशिंग्टनचं १७९३ सालचं शपथविधीचं भाषण एकशे पस्तीस शब्दांचं आहे. त्याहून लहान असं भाषण आजवर कुठल्याही अमेरिकी अध्यक्षाने केलेलं नाही. विद्वान त्याची राजकीय कारणं देतील. मी अण्णांना पाच दिवस पाहिलं होतं.

पण मला खरा धक्का बसला जपानात. तिथल्या वाकायामाच्या एका मंदिरात नाकाओका तेई नावाची बौद्ध संन्यासिनी होती. ती १५३८ साली वारली. तिची वरची संपूर्ण कवळी आजही आहे. एका घट्ट लाकडाच्या तुकड्यातून कोरलेली. तिला स्प्रिंग नाही, तार नाही. ती टाळ्याला नुसती चिकटून बसायची. वॉशिंग्टनच्या अडीचशे वर्षं आधी!

गुपित लाळेचं होतं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून पाहा, ओढून निघत नाहीत. कवळी टाळ्याच्या खाचाखोचांना तंतोतंत जुळली, मध्ये लाळेचा पातळ थर राहिला आणि कडेने हवा आत शिरली नाही, की ती बसते. जोर लावायचा नसतो, माप घ्यायचं असतं. म्हणून आधी तोंडाचा साचा, मग प्लॅस्टरचा ठसा, मग मेणात दात रोवून तोंडात घालून बघणं. खालची कवळी नेहमी जास्त छळते, कारण तिला टाळू नाही, नुसती घोड्याच्या नालासारखी पट्टी. त्यात जीभ मध्ये वळवळत असते. एका बाजूने चावताना दुसऱ्या बाजूचे दातही टेकले पाहिजेत, नाहीतर पट्टी तराजूसारखी उचलते. उंची जास्त झाली तर बोलताना टकटक वाजते, कमी झाली तर हनुवटी नाकाला भेटायला निघते. आणि दात गेल्यावर हिरडीखालचं हाड झिजतच राहतं, त्यामुळे आज जुळलेलं माप काही वर्षांनी सैल होतं.

असं तंतोतंत माप सामान्य माणसाला परवडू लागलं ते एकोणिसाव्या शतकात, व्हल्कनाइटमुळे. हे कडक केलेलं रबर. ठशावर मऊ असताना दाबायचं, तापवून घट्ट करायचं. स्वस्त झालं, पण पेटंटवाली कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवाना नि प्रत्येक कवळीमागे पैसे मागे. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगाव फिरून दंतवैद्यांवर खटले भरी. एप्रिल १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युअल चॅल्फंट या दंतवैद्याने त्याला गोळी घालून ठार केलं. मी तीन वर्षं वसुली विभागात काढली आहेत, त्यामुळे इथे कोणाची बाजू घ्यावी ते मला कळेना. दोनच वर्षांनी, १८८१ मध्ये, पेटंट संपलं. पुढे १९३०च्या दशकाअखेर अॅक्रिलिक आलं, तेच आज अण्णांच्या डबीत पडलं होतं.

एवढी फाईल वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की पहिल्या डॉक्टरांनी मेणाची पायरी गाळलीच होती. साचा घेतला आणि थेट कवळी हातात. मी रजा टाकली, अण्णांना दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अण्णा रिक्षात म्हणाले, “पैसे पाण्यात घालतोयस.” पाण्यात कवळी होतीच.

बाईंनी पाच खेपा घातल्या. चौथ्या खेपेला मेणात रोवलेले दात अण्णांच्या तोंडात घातले आणि म्हणाल्या, “काका, आता मोठ्याने आकडे म्हणा. साठपासून सत्तरपर्यंत. ‘स’ नीट येतो का ते बघायचंय. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसस्ट...”

अण्णा गप्प. ओठ अगदी नोटेवरच्यासारखे. मला वाटलं, झालं, संपलं. बाई थांबल्या. मग अण्णांनी चष्मा सारखा केला, खुर्चीत जरा ताठ बसले आणि म्हणाले,

“त्रेसष्ट. ‘ष’ पोटफोड्या आहे, बाई. पुन्हा म्हणा.”